पर्यटनातून गावाला काय मिळतं, हे गावाला पटवायचं कसं?

"पर्यटनामुळे गावाचा विकास होतो" हे वाक्य कोकणातल्या कुठल्याही वाडीत जाऊन म्हणून बघा. माना डोलतील, चहा येईल आणि तुमची पाठ वळली की विषय संपेल. कोणाचा विकास, किती आणि कधी, यातलं त्या वाक्यात काहीच नाही. ज्या बाईला एप्रिलमध्ये दोन हंड्यांसाठी विहिरीवर ताटकळावं लागतं, तिला मुंबईहून येणारी गाडी म्हणजे आणखी चार तोंडं आणि आणखी चार आंघोळी. तिचं काही चुकत नाही.

ग्रामपंचायतीचे नवे सदस्य, बचत गटाच्या ताई, शाळेतले शिक्षक, पर्यटनाचा अभ्यासक्रम करून गावी परतलेली मुलं, पहिल्यांदाच घरात पाहुणे ठेवू पाहणारी कुटुंबं अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं बहुतेक कोकणातली आहेत. घाटावरच्या गावांनी मासळीच्या जागी भाकरी आणि होडीच्या जागी बैलगाडी धरली तरी चालेल.

१. आधी विरोध ऐका, तोही दारात जाऊन

सुरुवात सभेने करू नका. सभेत नेहमीचे चारजण बोलतात आणि बाकीचे घरी जाऊन बोलतात. वाडीवाडीत जा. देवळाजवळची वाडी, कोळीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला, डोंगराकडचा धनगरवाडा, एकही सोडू नका. रस्त्याच्या कडेला घर असलेल्यांचं मत म्हणजे गावाचं मत, असं धरून चालणारे बरेच उपक्रम वर्षभरातच बसले आहेत.

काय ऐकू येईल ते आधीच सांगतो. "आमच्या सुनांनी परक्यांची उष्टी काढायची काय?" "दारू पिऊन दंगा करतील." "आज राहायला येतील, उद्या जमीन मागतील." "रस्त्यावरच्या दोन घरांना मिळणार, आम्हाला काय?" यातल्या कशालाही तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही. वहीत लिहून घ्यायचं, त्यांच्याच शब्दांत. "काका, तुमचं हे म्हणणं मी सभेत वाचून दाखवणार, चालेल ना?" एवढं विचारलं तरी समोरचा माणूस निम्मा मोकळा होतो.

हा टप्पा गाळला की काय होतं, हे मालवणात दिसलं. तिथल्या समुद्रात 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. आपल्या मासेमारीवर गदा येणार, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो बरीच वर्षं टिकला. समुद्रावर ज्यांचं पोट आहे त्यांना निर्णय झाल्यावर कळत असेल, तर नंतर कितीही पत्रकं वाटा.

२. रुपया कुठे जातो ते मोजा

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. इथे वेळ घाला, बाकीचं आटोपतं घेतलंत तरी चालेल.

एक मोठा कागद घ्या आणि एका कुटुंबाचा मुक्काम त्यावर मांडा. समजा, पुण्याचे चौघेजण गावातल्या एका घरी दोन रात्री राहिले आणि जेवणाखाणासह 8,000 रुपये देऊन गेले. ते 8,000 त्या घरात राहतात का? नाही. मासळीचे 1,200 कोळणीला गेले. किराणा आणि भाजीचे 1,100 वाण्याकडे आणि परसात भाजी करणाऱ्या आजीकडे गेले. दूध, नारळ, आमसुलं यांचे 400. भांडी आणि झाडलोट करणाऱ्या ताईंचे 800. गॅस, वीज, चादरी धुणं यांचे 700. झाले 4,200. घराच्या हातात राहिले 3,800. शिवाय पाहुण्यांनी घराबाहेर वेगळे खर्च केले ते असे: रिक्षा 600, खाडीत होडीची फेरी 800, जाताना कुळथाचं पीठ, कोकम आणि फणसपोळी 700. म्हणजे एका कुटुंबाच्या दोन रात्रींत 10,100 रुपये गावात आले आणि निदान आठ-नऊ हातांतून फिरले.

हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही आपल्या गावातले दर धरा, आणि ते दर ज्यांचे त्यांनाच विचारून घ्या. कोळणीला विचारा, रिक्षावाल्याला विचारा. ती विचारपूस म्हणजेच तुमची निम्मी जनजागृती. "माझ्याकडची सुरमई त्या घरात जाते म्हणजे मीपण यात आहे की," हे तिला तुमच्या भाषणातून कळणार नाही, तुमच्या प्रश्नातून कळेल.

आता त्याच कागदाच्या उजव्या बाजूला दुसरा हिशोब मांडा. तेच चौघे बाहेरच्या मालकाच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये उतरले. बिल दुप्पट झालं. किराणा शहरातून टेम्पोने आला, मासळी बर्फातली, आचारी बाहेरचा. गावाला काय मिळालं? राखणदाराचा पगार, झाडूवालीचा पगार आणि कचऱ्याच्या पिशव्या. पर्यटक दोन्हीकडे चारच होते. म्हणून "यंदा किती पर्यटक आले" या आकड्यावर फार नाचू नका. वर्तमानपत्रात तो मोठा दिसतो, पण त्यातून गावाच्या पदरात काय पडलं ते कळत नाही.

दोन पथ्यं पाळा. किराण्यातला बराचसा पैसा वाण्याकडूनही पुढे बाजारपेठेत जातो, तेही कागदावर दाखवा. फुगवलेला हिशोब गावात अर्ध्या तासात उघडा पडतो. आणि कोणाच्याही घरची खरी कमाई नावानिशी मांडू नका. कोकणात माणूस एक वेळ देवळाची वर्गणी चढवून सांगेल, स्वतःचं उत्पन्न सांगणार नाही.

३. तोट्याची बाजू तुम्हीच आधी मांडा

विरोधकाने उठून विचारण्याआधी तुम्ही सांगा. पाणी हा पहिला मुद्दा. मार्च ते मे या काळात तुमच्या विहिरी किती उतरतात, टँकर कधी लागतो, एका पाहुण्यामागे किती बादल्या जातात, हे त्याच कागदावर लिहा. गावाला मे महिना झेपत नसेल तर "मे महिन्यात पाहुणे घ्यायचे नाहीत" हा ठरावसुद्धा पर्यटनाचाच ठराव आहे. तो केलात तर तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

दुसरा मुद्दा कचऱ्याचा. बाटल्या आणि वेफरच्या पिशव्या कोण उचलणार आणि त्याचे पैसे कोण देणार? तिसरा, वाळूत गाड्या घालणारे आणि दंगा करणारे. चौथा, बुडण्याच्या घटना. भरती-ओहोटीचा फलक, कुठे पोहायचं नाही त्याची खूण, आणि पाण्याची माहिती असलेल्या स्थानिक तरुणांची पाळी, एवढं झाल्याशिवाय समुद्रावरच्या गावाने कोणाला बोलावूच नये असं माझं मत आहे.

जमिनीची भीती सगळ्यात खरी आहे आणि तिला गोड उत्तर नाही. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तो मान मिळालेला देशातला पहिलाच जिल्हा. तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव कुठून कुठे गेले, ते तिथल्या कुठल्याही मित्राला विचारा. घरातल्या दोन खोल्यांतून चार पैसे येऊ लागले की विकायची घाई कमी होते, हा एक युक्तिवाद आहे आणि मला तो पटतो. पण "जमिनी जाणार नाहीत" अशी हमी देऊ नका. ती तुमच्या हातात नाही.

४. नाही म्हणणाऱ्यांना घेऊन अभ्याससहलीला जा

हो म्हणणारे घरी राहिले तरी चालतील. जीपमध्ये पहिली जागा सगळ्यात जोरात "नाही" म्हणणाऱ्या काकांना द्या, आणि निम्म्या जागा बायकांना. पाहुण्यांचं खरं काम त्यांच्यावरच पडतं, निर्णय मात्र पुरुष करून येतात.

कुठे जावं? माझी पहिली पसंती वेळासला. मंडणगड तालुक्यातलं, नाना फडणवीसांच्या घराण्याचं हे गाव, बाणकोटच्या किल्ल्यापासून जवळ. 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची माणसं समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनाऱ्यावर फिरत होती, तेव्हा त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची उकरलेली घरटी दिसली. अंडी खाल्ली जात होती, विकली जात होती. वन्यजीव कायद्याने या कासवाला वाघाइतकंच संरक्षण आहे, पण गावात कायद्याच्या धाकाने रोज रात्री किनाऱ्यावर कोण फिरणार? संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरून अंडी कुंपणातल्या जागेत हलवायला सुरुवात केली. मादी एका वेळी साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि पिल्लं दीड ते दोन महिन्यांनी वाळूतून वर येतात. ती समुद्राकडे जाताना बघायला लोक येऊ लागले. 2006 साली कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले आणि घरटं राखण्याला पैशाचं मोल आलं.

वेळासमध्ये नेऊन गावकऱ्यांना कासव दाखवा, पण तेवढ्यावर परत आणू नका. ज्या घरात उतरलात तिथल्या वहिनींशी आपल्या बायकांना बोलू द्या, पुढारी मंडळींना बाजूला ठेवून. तीन प्रश्न पुरे आहेत: पहिल्या वर्षी घरातलं कोण नको म्हणत होतं? पैसे कोणाच्या हातात येतात, तुमच्या की मालकांच्या? कुठला पाहुणा तुम्ही परत घेणार नाही? शेवटच्या प्रश्नावर तास सहज जातो, आणि "परक्यांची उष्टी" या आक्षेपाचं खरं उत्तर तिथेच मिळतं. आपल्या घराचे नियम आपणच ठरवतो, हे दुसऱ्या गावातल्या बाईच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, आणि पिल्लं नक्की दिसतील असं मात्र कोणाला सांगू नका. निसर्गाचा कार्यक्रम आहे, नाटकाचा नाही.

दक्षिणेकडच्या गावांना वेंगुर्ला जवळ पडेल. तिथल्या मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवनाची होडीतून सफर घडवतो. वल्हं बायकांच्या हातात आणि माहिती सांगणाऱ्याही त्याच. ज्या खारफुटीकडे लोक चिखल आणि सरपण म्हणून बघायचे, तिथे होडीत बसायला पैसे देणारे लोक येतात, हे पाहिल्यावर कोळीवाड्यातल्या बायकांचे प्रश्न एकदम व्यवहाराचे होतात: होडी कोणाची, लाइफ जॅकेट किती, पावसाळ्यात काय?

घाटावर भिलार आहे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. घरं, देवळं, शाळा अशा 25 ठिकाणी मिळून सुमारे 15,000 पुस्तकं ठेवली गेली. लोकांनी घरातली खोली वाचकांना मोकळी करून दिली. समुद्र नाही, किल्ला नाही, म्हणून हात टेकणाऱ्या गावांनी हे बघून यावं. आणि गर्दीचं काय करायचं हा प्रश्न असेल तर साताऱ्याजवळचं फुलांचं कास पठार बघा. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाट 2012 साली आला, त्यात कासही होतं, आणि फुलं बघायला साताऱ्याकडून अशी रीघ लागली की दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा घालून आधी नोंदणी घ्यायची वेळ आली. प्रवेशशुल्काचं काम आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समितीकडे असतं. मर्यादा घालूनही गावाला उत्पन्न मिळतं, एवढं बघून या.

५. ग्रामसभा, महिला सभा आणि मुंबई मंडळ

आता सभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची रीत आहे. त्याआधी महिलांची ग्रामसभा होते, निदान कायद्याने व्हायला हवी. तुमचा विषय आधी तिथे न्या. तिथून ठराव होऊन आला की मुख्य सभेत "बायकांना विचारलंय का?" हा प्रश्न उरत नाही. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण पर्यटनाचा ठराव तहकूब सभेत उरकू नका. वर्षभर तेच ऐकावं लागेल.

कोकणात आणखी एक सभा असते, ती कुठल्या कायद्यात नाही. परळ, विरार, डोंबिवली असं कुठेतरी गावाचं मुंबई मंडळ रविवारी भरतं. बंद घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, देवळाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांचा, आणि गावकीत शब्दही त्यांचा. त्यांना शेवटी कळवलंत तर चांगला ठराव नुसत्या मानापमानात अडकतो. उलट आधी गेलात तर पहिले पाहुणे तेच पाठवतात, आणि "आमचं बंद घर दुरुस्त करून दिलं तर?" हा प्रस्तावही तिथूनच येतो.

वेळ बघून बोला. 27 सप्टेंबरच्या जागतिक पर्यटन दिनाला शाळेची फेरी आणि फलक असा कार्यक्रम करतात. करायचा तर करा, पण तेव्हा लोकांचं लक्ष भाताकडे लागलेलं असतं. गणपतीत आणि शिमग्यात गाव भरलेलं असतं, चाकरमानी आलेले असतात, त्या आठवड्यातली तासाभराची बैठक फेरीपेक्षा उजवी. पालखी घरोघर नाचत असताना मात्र विषय काढू नका, कोणी ऐकणार नाही.

ठराव छोटा ठेवा. किती घरांत किती पाहुणे, सगळ्यांचा दर एकच, पाहुणे पाळीपाळीने, स्वच्छतेसाठी प्रत्येक मुक्कामामागे गावाच्या खात्यात ठराविक रक्कम, दारू आणि वाळूतल्या गाड्यांना बंदी, आणि एका हंगामानंतर फेरविचार. फेरविचाराची ओळ घातली की "कायमचं गळ्यात पडणार" ही भीती जाते. कासवांचा किनारा असेल तर हंगामात रात्री किनाऱ्यावर प्रकाश नको, हेही त्यात लिहा. दिव्यांमुळे पिल्लं उलट दिशेला जातात.

६. शाळा, भजन, फळा

माहितीपत्रकांवर पैसे घालू नका. मुलांना कामाला लावा: आजीआजोबांना विचारून गावाचा नकाशा काढायचा. जुनी विहीर, देवराई, दीपमाळ, होडी बांधणारं घर, घावन उत्तम करणारं घर. हा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला की मोठी माणसं चुका दाखवायला येतात, आणि चुका दाखवता दाखवता गावाबद्दल बोलू लागतात. पाहुण्यांना काय दाखवायचं याची यादी तिथेच तयार होते.

भजनाच्या रात्री पाच मिनिटं मागून घ्या, वरच्या दुसऱ्या मुद्द्यातला रुपयाचा हिशोब सांगा आणि बसा. व्हॉट्सॲपच्या गटावर लांबलचक संदेश कोणी वाचत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिन्याला एकच ओळ लिहा: "या महिन्यात गावात इतके पाहुणे, स्वच्छता खात्यात इतके रुपये." तेवढं लोक उभ्या उभ्या वाचतात.

७. कागदपत्रं

हे आटोपतं. निवास-न्याहारीची नोंदणी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात होते. जेवण देणार असाल तर अन्न नोंदणी लागते. परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे द्यावी लागते. किनाऱ्यालगत बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, झोपडीवजा खोपटालासुद्धा, म्हणून आधी विचारा. बायकांनी व्यवसाय सुरू करायचा असेल तर राज्याचं 2023 चं 'आई' पर्यटन धोरण आहे. त्यात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज अटींसह परत मिळतं. अटी कार्यालयातूनच समजून घ्या, एजंटाकडून नको.

८. हंगाम संपला की जमाखर्च वाचा

देवळाच्या उत्सवानंतर जमाखर्च वाचायची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच सभेत, त्याच आवाजात पर्यटनाचाही वाचा. किती पाहुणे आले, किती घरांत गेले, स्वच्छता खात्यात काय जमलं, त्यातून काय केलं, किती तक्रारी आल्या आणि कोणाच्या. विहिरीची पातळी गेल्या मेमध्ये कुठे होती आणि यंदा कुठे आहे, तेही. पैसे उरले असतील तर ते सगळ्या गावाला दिसेल अशा एका कामावर घाला. स्मशानाच्या वाटेवरचा दिवा, साकवाची दुरुस्ती, असं काहीतरी, ज्याचा पाहुण्यांशी संबंधच नाही.

त्या कागदावर शेवटचा रकाना ठेवा: ज्या वाडीत एकही पाहुणा उतरला नाही, तिला काय मिळालं. दूध गेलं असेल, कोंबडी गेली असेल, कोणाला मजुरी मिळाली असेल. काहीच गेलं नसेल तर तसं लिहा आणि पुढच्या हंगामाची पहिली बैठक त्या वाडीत घ्या, सभामंडपात नको. चहा त्यांच्याकडे घ्या, वही सोबत न्या, आणि पहिल्या क्रमांकाच्या कामाला पुन्हा लागा.